काकूंच्या फायलीत मी

डोंबिवली पूर्वेला, एका पोळी-भाजी केंद्राच्या वर, काका-काकूंचं वधूवर सूचक केंद्र आहे. काकू शाळेत शिक्षिका होत्या, काका सरकारी कचेरीत. निवृत्त झाल्यावर दोघांनी हे सुरू केलं. मी कळव्याला राहतो आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंत छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो. त्यांच्या दोन कॉम्प्युटरांची देखभालही माझ्याकडेच होती.

आम्ही बौद्ध. आमच्याकडे पत्रिका जुळवत नाहीत, त्यामुळे सगळी भिस्त बायोडेटावर. त्या दोन कॉम्प्युटरांत शेकडो घरांची माहिती होती: फोटो, पत्ते, फोन नंबर, कुणाचं आधी कुठे मोडलं तेही. ती बाहेर फुटली तर काय होईल, या विचाराने मला घाम फुटायचा. काका-काकूंना फुटत नसे. पासवर्ड होता काकूंच्या नातीचं लाडाचं नाव, आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला नातीचं कौतुक ऐकावं लागायचं. मी तो बदलून लांबलचक केला. पुढच्या खेपेला गेलो तर काकांनी तो सुवाच्य अक्षरात कॅलेंडरवर लिहिलेला, शेजारी कंसात ‘गुप्त’.

एक दिवस मी ठाण्याला कोर्टाजवळ एका वकिलांचा प्रिंटर उघडून बसलेलो. काकांचा फोन आला. म्हणाले, सगळ्या फायलींची नावं बदललीत, एकही उघडत नाही आणि स्क्रीनवर कुणीतरी इंग्रजीत पैसे मागतंय. मला कळलं. फायलींना कुलूप घालून किल्लीचे पैसे मागणारा व्हायरस. मी म्हटलं, आधी इंटरनेटच्या ज्या डब्यावर हिरवे दिवे लुकलुकतात त्याचं बटण बंद करा, म्हणजे दुसरा कॉम्प्युटर तरी वाचेल. त्यांनी पंखा बंद केला. मग वॉटर फिल्टरचा प्लग काढला. तिसऱ्या प्रयत्नात डबा सापडला, तोवर दुसऱ्या कॉम्प्युटरच्याही फायली गेल्या होत्या.

प्रिंटर तसाच उघडा टाकून मी डोंबिवली गाठली. काका अजून त्या डब्यापाशीच उभे, बटणावर बोट ठेवून. काकू मात्र ताठ. ईमेलमधून एका मुलाचा बायोडेटा आलेला, तो त्यांनी उघडला होता. अनोळखी माणसाची फाईल उघडू नका असं मी किती वेळा सांगितलं होतं, हे मी त्यांना ऐकवलं.

काकू शांतपणे म्हणाल्या, “अरे, आमच्याकडे येणारा प्रत्येक जण अनोळखीच असतो. मुलगा इंजिनीअर, निर्व्यसनी, घरी एकटा. नाही उघडायची?”

मी खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसलो.

पैसे द्यायचे नाहीत हे ठरलेलंच होतं. आशा होती ती बॅकअपच्या डिस्कवर. दर शनिवारी प्रत काढा, डिस्क सोडवा आणि ऑफिसात ठेवू नका, असं मी बजावलं होतं. काकांना वाटत होतं, ते काम काकू विसरल्या. काकू उठल्या, दोन गल्ल्या सोडून घरी गेल्या आणि जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेली डिस्क घेऊन आल्या. पापडाच्या डब्यात होती म्हणे, तिथे दमट होत नाही. माझं इतकं तंतोतंत आजवर कुणीच ऐकलं नव्हतं. त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

दोन दिवस लागले. दोन्ही कॉम्प्युटर पुसून नव्याने उभे केले, मग डिस्क लावली. सगळं परत आलं, पण जवळपास तीन आठवड्यांपूर्वीचं. मधले दोन शनिवार काकू लग्नांना गेल्या होत्या. म्हणजे त्या तीन आठवड्यांत ज्यांचं जमलं, ते सगळे फायलीत पुन्हा बिनलग्नाचे झाले. आणि हे लक्षात येण्याआधीच काकांनी उत्साहाने दिव्याला राहणाऱ्या एका बाईंना फोन लावून त्यांच्या मुलासाठी नवीन स्थळ सुचवलं. मुलाचा साखरपुडा आदल्याच रविवारी झालेला, काकांनी तिथे श्रीखंड खाल्लेलं. बाईंनी ते सांगितलं, काकांनी माफी मागितली. मग बाईंनी विचारलं, “तशी मुलगी करते काय?”

काकांनी फोन ठेवला. त्यानंतर फोन करायचं काम काकूंकडे गेलं.

फायली नीट उघडतात का ते बघायला मी अधूनमधून एखादी उघडत होतो. मुलांच्या यादीत एक फोटो ओळखीचा वाटला. मीच होतो, त्यांच्याच ऑफिसात टेबलाखाली वायर जोडताना, अर्धवट वळून बघत. पुढे लिहिलं होतं: वय तेहतीस, स्वतःचा व्यवसाय, कळव्याला स्वतःचं घर. शेरा: ‘पासवर्डबद्दल फार बोलतो. बाकी मुलगा चांगला.’

मला राग यायला हवा होता. विचारल्याशिवाय कुणाची माहिती ठेवायची नाही, हे मी याच खुर्चीत बसून शिकवलं होतं. तसं म्हटलंसुद्धा. काकूंना ते पटलं, चेहरा पडला त्यांचा. त्यांनी लगेच कोरा कागद घेतला आणि संमतीपत्राचा मसुदा लिहायला बसल्या; यापुढे सहीशिवाय कुणाचंही नाव चढवायचं नाही.

“तुझं काढून टाकू ना मग?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, वय पस्तीस आहे, तेवढं दुरुस्त करा.

काकूंनी संमतीपत्र माझ्यापुढे सरकवलं. “सही कर,” त्या म्हणाल्या. “वयाचं माझ्यावर सोड.”