धोंडीवरची रेंज

लोणावळ्याहून निघालो तेव्हा दुधिवरे खिंडीत धुकं होतं आणि गाडी चालवणारा माझा भाचा अनिकेत एकटाच बोलत होता. तो इंजिनिअर. मागच्या सीटवर त्याचा फलक, जुन्या चादरीत गुंडाळलेला. मी निवृत्त शिक्षिका. कुणी मला शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. पण हे समजलं. टॉवरकडून येणाऱ्या लहरी हा फलक हव्या त्या बाजूला वळवतो, आरशानं ऊन अंधाऱ्या खोलीत टाकावं तशा. फक्त आरसा हातानं फिरवावा लागतो. इथं फलकावरचे शेकडो चौकोन संगणकावरून जागच्या जागी बदलतात. आठ दिवसांची चाचणी होती.

तिकोणा पेठ ओलांडून वाडीत पोचलो. टॉवर पवना धरणाच्या पलीकडे आणि वाडी किल्ल्याच्या आड, त्यामुळे रेंज नाही. फोन कुठून लावता, असं अनिकेतनं मागच्या खेपेला विचारलं होतं. सगळ्यांनी वरच्या धोंडीकडे (मोठ्या खडकाकडे) बोट दाखवलं होतं. म्हणून टेपाडावर फलक उभा करून त्यानं तो धोंडीकडेच रोखला. त्या चढावर माझा पाय घसरला आणि कोपर सोलवटलं. मला आपल्या ओटीवर बसवून हळद लावली ती वाडीतल्या हिराबाईंनी.

मग त्यांनी आम्हा दोघांना तांदळाची भाकरी आणि वालाचं कालवण वाढलं. आत सून होती, महिने भरत आलेले. मुलगा नवलाख उंबरे गावच्या कारखान्यात, शिफ्टवर. जेवता जेवता त्यांनी मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं, सांगितलं. त्यांच्या छातीत दुखायला लागलं तशा हिराबाई धोंडीवर धावल्या, दवाखान्याची गाडी बोलावली, खाली आल्या तर सगळं संपलं होतं.

"धोंडीवर येतीच की रेंज, बाई," त्या म्हणाल्या. "माणूस घरात आसतं. तेला सोडून जावं लागतं."

अनिकेत अर्धी भाकरी ताटात ठेवून लॅपटॉप घेऊन टेपाडावर गेला आणि फलकाचा रोख घरांकडे वळवला. थोड्या वेळानं ओटीवरच्या फोनवर रेघा उमटल्या. हिराबाईंनी मुलाला फोन लावला. घरातून बोलतेय, एवढंच त्याला सांगितलं आणि डोळ्यांना पदर लावला. मलाही भरून आलं.

आठव्या दिवशी फलक उतरवायला मीही गेले. सून अजून मोकळी झाली नव्हती. फलक आणखी थोडे दिवस राहील का, हिराबाईंनी विचारलं. परवानगी तेवढीच आहे, असं अनिकेत खाली बघत म्हणाला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. चहा मात्र केला.

लोणावळ्याला परतल्यावर मी मुदत वाढवून मागणारा अर्ज लिहून अनिकेतकडे दिला. त्याचं उत्तर यायच्या आत हिराबाईंचा फोन आला. वाऱ्यानं शब्द तुटत होते. नात झाली होती, दोघी बऱ्या होत्या. मला फार आनंद झाला आणि मी तसं म्हणाले.

"मी हितं धोंडीवर गाडीला फोन लावत हुते," त्या म्हणाल्या. "तवर घरात ती एकटीच बाळंतीण झाली. लय हाका मारल्या म्हनं मला."

मी घरात खुर्चीत बसून ऐकत होते. माझ्या फोनला पूर्ण रेंज होती आणि मला त्याची लाज वाटली.