भाजीवालीवरचा आळ

इस्त्रीकाकूंची सगळी नोकरी दवाखान्याच्या धुलाईघरात गेली. ओलसर चादर घडी घालून कपाटात ठेवायची नाही, हे तिथलं पहिलं शिक्षण. तेच त्यांनी घरी पालेभाजीला लावलं. जुडी आणली की दोरा सोडायचा, सडकी पानं काढायची, पंख्याखाली पसरून ओल घालवायची आणि जुन्या सुती चादरीच्या तुकड्यात सैलसर गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायची. धुवायची ती चिरायच्या वेळी. देवानं दिलेलं कोवळं पान आपल्या हलगर्जीपणानं कुजलं, तर त्याच्यासमोर कुठल्या तोंडानं हात जोडायचे, असं त्या म्हणत. आणि तसं वागतही.

मग काका निवृत्त झाले. गोदामात हुकूम सोडायची सवय. आता ऐकायला माणसं उरली नाहीत, म्हणून ते फ्रिजमध्ये शिरले. काकू बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. तेवढ्यात काकांनी ती फडकी फेकून दिली, पालक आणि कोथिंबीर खळखळून धुतली आणि निथळूही न देता घट्ट झाकणाच्या नव्या डब्यांत कोंबली.

काकू परतल्या, डबा उघडला आणि नाक दाबून मागे सरल्या. आत नुसता काळा चिखल.

"तुझ्या त्या भाजीवालीनं शिळा माल गळ्यात मारला," काका म्हणाले. "सकाळीच जाऊन चांगली झाडली तिला. भर गिऱ्हाइकांत."

"काय म्हणालात?"

"चोर म्हणालो. मग काय हार घालायचा?"

काकूंच्या अंगाची लाही लाही झाली. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा निवडलेली भाजी दारात आणून देणारी ही बाई, आणि तिच्यावर आळ! तोही कुणी घ्यावा? मेथी कुठली नि कोथिंबीर कुठली, हे आजवर ज्यांना कळलं नाही त्यांनी!

"ओली कोंबलीत तुम्ही, कुजवलीत तुम्ही, आणि चोर ती? चपला घाला."

"आत्ता? अगं, लोक काय म्हणतील?"

"तिला चोर म्हणताना लोक नव्हते वाटतं?"

"मी तिची माफी मागू? माझ्या हाताखाली अख्खं गोदाम होतं!"

"म्हणूनच तोंड असं सुटलंय. चला!"

त्यांना पाहताच भाजीवालीनं मान फिरवली. "काकू, तुमच्या घरी आता माझी भाजी नको. मला धंदा करायचाय इथे."

काका खाकरले, भोपळ्याकडे बघत राहिले.

"बोला," काकू म्हणाल्या.

"म्हणजे... डबे तसे चांगलेच होते, पण..."

"डब्यांचं राहू द्या. तुमचं बोला."

"चूक माझी होती," काका पुटपुटले. "भाजी ताजी होती."

"साहेब," भाजीवाली म्हणाली, "सकाळी तर आवाज बराच मोठा होता."

दोन-तीन गिऱ्हाइकं हसली. काकांनी काकूंकडे पाहिलं. तिथे दया नव्हती. मग त्यांनी पुन्हा म्हटलं, समोरच्या दुकानातली माणसं वळून पाहतील इतक्या मोठ्यानं.

भाजीवाली हसली नाही. काकूंकडे बघून तिनं एवढंच विचारलं, "काय देऊ?"