ताईचं एक वाक्य

"दोघीही मुक्या आहेत का हो?" मेकअप करणाऱ्या बाईंनी केस विंचरणारीला विचारलं.

"छे. मोठीला ऐकू येत नाही. धाकटी इंग्लिश मीडियमची आहे."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. पण ताईनं आरशात माझा चेहरा टिपला आणि भुवई उडवली. मी खुणांनी सांगितलं, तशी ती इतकी हसली की काजळ पुन्हा घालावं लागलं.

कात्रजच्या पुढे एका बंगल्यात मालिकेचं शूटिंग होतं. भल्यामोठ्या कुटुंबाची गोष्ट, त्यातली धाकटी नणंद बहिरी, आणि ती भूमिका माझ्या बहिऱ्या ताईला मिळाली होती. पहिल्या दिवशी एकच वाक्य. घरचे तिचं लग्न परस्पर ठरवतात, ती दिवाणखान्यात मधोमध येते आणि हातांनी विचारते, 'लग्न माझं, मग मला का नाही विचारलं?' या वाक्यापायी आमच्याकडे दोनदा दूध उतू गेलं होतं.

तिच्या बहिऱ्यांच्या शाळेतल्या मैत्रिणी हा भाग बघायला एका घरी जमणार होत्या. मालिकेत कोण काय बोललं ते त्यांना नेहमी घरातलं कुणीतरी नंतर सांगायचं, तेही अर्धंमुर्धं. या वेळी त्यांना सगळ्यांच्या आधी कळणार होतं. सकाळपासून त्यांचे व्हिडिओ कॉल थांबत नव्हते.

ताईला 'ॲक्शन' ऐकू येणार नाही, म्हणून मी कॅमेऱ्याशेजारी उभी राहून हात वर करायचा, असं ठरलं. दिग्दर्शकाच्या सूचनाही मीच तिला सांगत होते. दुसऱ्याचं बोलणं पोचवताना मी कधी अडखळत नाही. स्वतःचं असलं की घशाशी येऊन थांबतं.

तालीम झकास झाली. मग दिग्दर्शक कॅमेरामनला म्हणाले, "डोळे काय बोलतात हो हिचे! क्लोज घ्या. वाक्य मागून कुणाच्या तरी आवाजात टाकू."

मी हात वर केला. ताईनं जीव ओतून वाक्य म्हटलं. शेजारच्या मॉनिटरवर नुसता तिचा चेहरा होता. खालच्या कडेला एक बोट जेमतेम चमकून गेलं.

सगळे खूष झाले. बहिऱ्यांच्या टाळ्या कशा असतात ते ताईनं सकाळी शिकवलं होतं, तसे सगळ्यांनी हवेत हात हलवले.

"ओके. पुढचा शॉट."

लाइटवाले स्टँड उचलायला लागले. ताई लांबूनच मला विचारत होती, 'कसं झालं?' तिला उत्तर न देता मी दिग्दर्शकांच्या खुर्चीपाशी गेले.

त्यांनी मान वर केली. "बोला. काय म्हणतेय ती?"

"ती काही म्हणत नाहीये, सर. मी म्हणतेय. तिचं वाक्य तिच्या हातांत आहे आणि हात दिसतच नाहीयेत. शॉट परत घ्या."