राबाचा फेरपंचनामा

सरकारने भाड्याने घेतलेलं हेलिकॉप्टर आंदर मावळात आमच्या शेताशेजारी उतरलं. भातरोपांसाठी जमीन भाजायला वडिलांनी रचलेला शेण-पाल्याचा राब त्याच्या वाऱ्याने उधळला. हेलिकॉप्टर भाड्याने घेणाऱ्या कार्यालयाच्या अधिकाऱ्याने पंचनाम्यात लिहिलं, ‘कचरा उडाला. नुकसान नाही.’ वर तो हसून वडिलांना म्हणाला, “हेलिकॉप्टर आमचं नाही, आबा. कंपनीला विचारा.”

मी वार्ताहर आहे. वाद न घालता मी माहिती अधिकारात करार मागवला. त्यानुसार जमिनीवरच्या नुकसानीची भरपाई कंपनीच्या विम्यातून मिळणार होती. पण कार्यालयाने कंपनीला नुकसान मुदतीत कळवलं नाही, तर ती कार्यालयाने द्यायची होती. अधिकाऱ्याने कळवलंच नव्हतं आणि मुदत उलटली होती. मी ते कलम आणि त्याचा पंचनामा शेजारी-शेजारी छापले. विशेषण एकही वापरलं नाही.

आठवड्याने तो फेरपंचनाम्याला भर उन्हात आला. त्याने ‘कचरा’ हा शब्द खोडला.

वडील म्हणाले, “नुसतं खोडू नगा, सायेब. राब लिवा.”

त्याने लिहिलं आणि प्यायला पाणी मागितलं. मी पंचनाम्याची दुसरी प्रत पुढे केली. म्हटलं, “आधी यावरही लिहा.”