ओळखीचं कुणी नसेल अशी बस

फोनमधल्या बसच्या ॲपला लुपे एकच दोष द्यायची. कमीत कमी चालणं, कमीत कमी बस बदलणं, लवकरात लवकर पोचणं, हे सगळं त्याला सांगता यायचं. पण ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा रस्त्याने ने, हे सांगायची सोय त्यात नव्हती. ती अक्कल लुपेला स्वतःची चालवावी लागे.

मांगेरे या उपनगरात, टोंगा बेटांवरून येऊन वसलेल्या माणसाला ओळखीचं कुणी न भेटता घरापासून दुधाच्या दुकानापर्यंतही जाता येत नाही. त्यात लुपे चर्चच्या गायनवृंदाची प्रमुख. साठी उलटलेली, अंगाने भरभक्कम, आणि आवाज असा की मागच्या बाकावर पेंगणारे सावरून बसत. अशी बाई थांब्यावर उभी दिसली की कुणाची ना कुणाची गाडी थांबणारच. वडीलधाऱ्या बाईला बसने जाऊ देणं म्हणजे अख्ख्या चर्चचं नाक कापलं जाणं. आणि गाडीत बसलं की पुढचा प्रश्न ठरलेला, कुठे निघालात?

लुपे निघालेली असायची तुरुंगात. तिचा धाकटा सेमिसी दारू पिऊन गाडी चालवताना एका सायकलवाल्याला धडकला. त्या माणसाचा पाय गेला आणि सेमिसी शहराबाहेरच्या तुरुंगात गेला. चर्चच्या दारात कुणीतरी विचारलं, पोरगा दिसत नाही हल्ली? लुपेच्या तोंडून निघून गेलं, ऑस्ट्रेलियात खाणीवर कामाला लागलाय. मग ते निस्तरणं आलं. परदेशी गेलेल्या मुलांसाठी प्रार्थना व्हायची, त्यात सेमिसीचं नाव यायचं, आणि लुपे मान खाली घालून बसायची. देवासमोर खोटं बोलल्याचं तिला फार लागायचं. पण माणसांसमोर खरं बोलणं त्याहून अवघड होतं.

ॲप सेमिसीनेच तिच्या फोनमध्ये घालून दिलं होतं, शिक्षा सुनावली जाण्याच्या आदल्या आठवड्यात. तुरुंगाचा पत्ता त्याने 'काम' या नावाने ठेवला. "कुणी फोन बघितलाच तर वाटेल, लाँड्रीत चाललीयेस," तो म्हणाला होता. लुपे इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती. तेव्हा दोघं हसली होती, हेही खरं.

भेट शनिवारी. सेमिसीने आधी तिचं नाव द्यायचं आणि ठरल्या वेळी तिने पोचायचं. ॲप सांगे, मोठ्या बसस्थानकावर जा, तिथून दोन बसचा प्रवास. लुपे ते ऐकायची नाही. त्या स्थानकाला लागूनच शनिवारचा बाजार, आणि अर्धं चर्च तिथे तारोचे कंद निवडत उभं. म्हणून ॲपमध्ये निघण्याच्या जागी ती दोन वस्त्यांपलीकडचा थांबा टाकायची, दुखरे गुडघे सांभाळत मागच्या रस्त्यांनी तिथवर चालायची आणि तीन-तीन बस बदलायची. कमरेला बांधायची विणलेली कियेकिये पिशवीत घालून न्यायची, कारण ती बांधायची ती चर्चला नाहीतर मयतीला, शनिवारी बांधून निघालं की बायका विचारणार, कोण गेलं गं? तुरुंगाच्या फाटकाशी पोचली की ती बांधायची. मुलाला भेटायला जायचं तर नीट जावं, एवढंच तिचं म्हणणं.

आठ महिने असं निभलं.

त्या शनिवारी ती शेवटची बस बदलायच्या थांब्यावर निर्धास्त बसली होती. दोन्ही बाजूंना कांद्याची शेतं, चिटपाखरू नाही. पलीकडून शहराकडे चाललेली एक पांढरी व्हॅन थांबली, वळली आणि तिच्यासमोर येऊन उभी राहिली. दारावर चर्चचं नाव. आत हेनेले आणि त्याची बायको कालो, मागे कलिंगडं रचलेली. दोघं शेतावरून माल घेऊन येत होती.

"ताई, इथे काय करताय?" हेनेलेने उतरून दार उघडलंसुद्धा. "आम्ही काय मेलो होतो का? एक फोन करायचा."

"बस येतेय आता."

"बसने जाणार? लोक माझ्या तोंडात शेण घालतील. चला, बसा. कुठे सोडू?"

लांबवर बस दिसायला लागली होती. एकच शब्द बोलायचा होता. तो लुपेच्या ओठांशी आला आणि तिथेच अडला.

"घरीच निघाले होते," ती म्हणाली.

ती गाडीत चढत असतानाच बस शेजारून गेली. व्हॅन उलट दिशेला वळली. लुपेच्या मांडीवरचा फोन थरथरला. कालोने मागे वळून, कुणी विचारलं नसताना, तो वाचला.

"कामावर जायची बस आली म्हणतोय हा. शनिवारीपण राबवतात होय गं तुला? पोरगा तिकडे एवढं कमावतो आणि आई बसने हिंडते. सांग त्याला, एक गाडी घेऊन दे म्हणावं."

"सांगेन," लुपे म्हणाली.

थोड्या वेळाने फोन पुन्हा थरथरला. ॲपच्या हिशेबाने ती त्या बसमध्येच होती आणि उतरायचा थांबा जवळ आला होता. तिने फोन मांडीखाली दाबला. आता सांगू, त्या सिग्नलला सांगू, असं करता करता घर आलं. हेनेले वाटभर पावसाने नासलेल्या पिकाबद्दल बोलत राहिला. उतरताना कालोने तिच्या हातात एक कलिंगड दिलं आणि लुपेने तिचे आभार मानले. स्वतःची एवढी किळस तिला आजवर कधी वाटली नव्हती.

दुपारी तुरुंगातून फोन आला.

"आई, बरी आहेस ना?"

"बरी आहे रे. बसच आली नाही. किती वाट बघितली."

सेमिसीच्या मागे कुणीतरी दार आपटलं.

"बस आली होती," तो म्हणाला. "माझ्या शेजारच्या कोठडीतल्याची आई होती त्यात. तिने बघितलं तुला. चर्चच्या गाडीत चढत होतीस."

लुपेने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पुढच्या शनिवारी येऊ नकोस. मी तुझं नाव देणार नाही." आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. "इथे टेबलाशी बसवून ठेवतात, आई. समोर रिकामी खुर्ची. बाकीच्यांच्या आया हसत असतात, रडत असतात. मला नाही बसवत तसं."

रविवारी चर्च सुटल्यावर अंगणात जेवणाची पानं मांडली जात होती. लुपे सरळ हेनेले आणि कालोपुढे जाऊन उभी राहिली. आवाज बारीक ठेवणं तिला कधी जमलंच नव्हतं, त्यामुळे आजूबाजूच्यांनीही ऐकलं.

"काल मी घरी चालले नव्हते. सेमिसी ऑस्ट्रेलियात नाही, तुरुंगात आहे. त्याला भेटायला चालले होते."

कालोने तोंडावर हात ठेवला. हेनेले हातातल्या किल्लीकडे बघत राहिला.

"त्या शेतांपलीकडच्या?" त्याने विचारलं.

"हो."

"आम्ही त्याच्या फाटकावरूनच आलो होतो, ताई." त्याचा आवाज उतरला होता. "दहा मिनिटांत सोडलं असतं तुम्हाला. नुसतं म्हणायचं होतं."