मान सरळ करणारे दत्तरावकाका

फोटो काढण्याआधी दत्तरावकाका हनुवटीला दोन बोटं लावून मान सरळ करत. नवरदेव असो की तहसीलदार, त्यातून कुणाचीच सुटका नव्हती. "वाकडी मान माह्या दुकानातून बाहेर जात न्हाई," असं ते ऐटीत सांगत. सेनगावला स्टँडमागं त्यांचं फोटोचं दुकान होतं. पुसेगावहून आम्ही पोरं शाळेच्या फोटोसाठी तिथंच जायचो. मला त्यांची भारी भीती वाटायची. मान सरळ झाली की मी भोकाड पसरायचो. "काहून रडून राहिलं हे लेकरू? मी काय खातो का याला?" म्हणत ते हातावर गोळी ठेवत.

चाळिशीत मला एकाएकी एकाचे दोन दिसायला लागले. मोटरसायकलवर होतो, समोरून दोन एसट्या आल्या आणि त्यातली खरी कोणती ते कळेना. गाडी रानात घातली आणि बांधावर बसून राहिलो. हिंगोलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "डावा डोळा वर सरकतोय. जन्मापासूनचा दोष असेल तर घाबरायचं कारण नाही. नवा असेल तर मेंदूची तपासणी करावी लागेल," त्या म्हणाल्या. "असा दोष असलेलं मूल मान कलती ठेवून नीट बघतं. लहानपणचे फोटो आणा."

घरी पेटीतून फोटो बाहेर काढले. सगळे काकांनी काढलेले, सगळ्यांत मान ताठ. म्हणजे दुखणं नवंच, असं मी धरून चाललो. बायकोशी धड बोलवेना, मुलीकडं बघवेना.

एखादा वेगळा फोटो मिळेल म्हणून काकांच्या घरी गेलो. त्यांचं दुकान कधीच बंद झालं होतं. सगळं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "अरे, तुही मान सरळ कुठं व्हती? दरवेळी म्या सरळ केली. सोडली की पुन्हा वाकडी. लई तकलीफ दिली तू." अंगात सदरा चढवून ते तसेच माझ्याबरोबर हिंगोलीच्या जीपमध्ये बसले.

डॉक्टरीणबाईंनी काकांचं ऐकून घेतलं आणि फोटो पडद्यावर मोठे केले. फ्लॅशचा ठिपका उजव्या डोळ्यात बाहुलीच्या मधोमध होता, डाव्यात खाली. त्यांनी अंतर मोजलं. दुसरा फोटो, तिसरा फोटो, सगळीकडे तेच. "जन्माचाच दोष आहे. इतकी वर्षं डोळ्यांनी सांभाळून घेतलं, आता जमेना झालंय. चष्म्यानं भागेल." मी खुर्चीतच रडायला लागलो.

काका पडद्याकडं बघत होते. "म्हंजे मान वाकडी असली की याला बराबर दिसायचं, अन् म्या सरळ केली की दोन?"

"काका, तुम्ही मान सरळ केलीत म्हणूनच डोळा सरकलेला फोटोत आला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. " नाहीतर तो दिसलाच नसता."

त्यांनी ते ऐकलंच नाही. "लेकरू दोन-दोन दत्तराव बघून भेत व्हतं, अन् मी त्याला गोळ्या देऊन राहिलो व्हतो."

परतताना जीपमध्ये त्यांनी माझा हात सोडला नाही. माझी भीती गेली आणि त्यांच्या जिवाला जाऊन चिकटली. पुढं कधीही भेटले की, "माह्यामुळं तर डोळा बिघडला न्हाई ना रे?" मी नाही म्हणायचो, डॉक्टरीणबाईंचा हवाला द्यायचो. त्यांना पटायचं नाही.

गेल्या उन्हाळ्यात ते अंथरुणाला खिळले. भेटायला गेलो तर मला ओळखायलाच त्यांना वेळ लागला. मग हळूच म्हणाले, "आता किती दिसून राहिलो मी तुला?"

डोळे भरून आले होते, पुसायला मी चष्मा काढला होता. खाटेवर दोन काका होते, दोघंही घाबरलेले.

"एकच, काका," मी म्हणालो.