घरातलं कुणीतरी

मंडळी, आज घसा पार बसलाय. सातवीच्या वर्गाला ‘घरातलं कुणीतरी’ इंग्रजीत कसं म्हणायचं ते शिकवत होते. सगळी पोरं मराठीच्या चालीवर ‘हाउस इन समवन’च म्हणत होती. आधी समवन, मग इन द हाउस, असं किती वेळा फळ्यावर लिहिलं!

मग सांगितलं, समवन म्हणजे नेमकं कोण, ते आपल्याला माहीत नसतं. ‘समवन इन द हाउस विल मेक टी.’ म्हणजे चहा घरातलं कुणीही करेल.

वळसंगहून येणारी भाग्यश्री लगेच म्हणाली, "माहीत हाय की, मॅडम! आईच करती."

वर्ग हसला. मीही हसले आणि पुढचं वाक्य घेतलं.

संध्याकाळी उन्हातून घरी आले, चप्पल अजून पायातच होती. सासरे, नवरा आणि दीर टीव्हीसमोर बसलेले. सासरे मान न वळवता म्हणाले, "घरातलं कुणीतरी चहा टाका की."

तिघांतलं कुणीच हललं नाही. मी चहा टाकला. तो उकळेपर्यंत ओट्याशी उभी राहून हे लिहितेय.

तुमच्या घरात या ‘कुणीतरी’चं नाव काय हो?